तिसरी गाठ

फोन आला तेव्हा संध्याकाळ होती आणि मी कसला तरी अहवाल वाचत बसले होते. नंबर अनोळखी. पलीकडचा आवाज तरुण, जरा दबलेला, काय बोलायचं ते मनात घोकून आलेला. "ताई, तुम्ही आमच्या विहिरीचं पाणी मोजलं होतं. रेल्वेचा बोगदा व्हायच्या आधी. अहवालाच्या शेवटी तुमचं नाव आहे, त्यावरून शोधून काढलं तुम्हाला." मला पटकन आठवेना. चौदा वर्षांत मी शेकडो विहिरींत टेप सोडली आहे, सगळ्यांचे चेहरे कसे लक्षात राहणार? त्याने डोंगराची खूण सांगितली, काठावरचं वाकडं झाड सांगितलं, आणि मग म्हणाला, "माझी आजी तुमच्याशी बोलत बसली होती. दोर दाखवला होता तिने तुम्हाला." दोर म्हटल्याबरोबर सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. बोगद्याचं काम सुरू झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी कधी भरलीच नाही. आता त्या मार्गावरून गाड्या धावू लागूनही वर्षं झाली. घरच्यांनी अर्ज केले, खेटे घातले. दर वेळी उत्तर येतं की पाऊस कमी झालाय, आसपास बोअर वाढलेत, बोगद्यामुळेच पाणी गेलं कशावरून? "विहीर कोरडी आहे हे कुणीही येऊन बघावं," तो म्हणाला. "पण ती आधी भरलेली असायची, हे कागदावर लिहिणाऱ्या फक्त तुम्ही आहात."

वही शोधते आणि कळवते, असं म्हणून मी फोन ठेवला. पोटात कालवलं. वही न उघडताही तिच्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. त्या विहिरीपुढे एक आकडा. एका दुपारचा.

मी तेव्हा नोकरीत नवी होते. भूशास्त्राची पदवी, पायांत भक्कम बूट आणि आपण फार महत्त्वाचं काम करतोय असा विश्वास. रेल्वेमार्गाच्या आखणीच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरातल्या विहिरी, झरे, ओढे यांची नोंद करायची होती. एका विहिरीला फार तर अर्धा तास. पोलादी टेपच्या शेवटच्या हातभर लांबीला निळा खडू फासायचा, टेप अलगद आत सोडायची, काठाशी येणारा आकडा वाचायचा आणि वर ओढायची. जिथवर पाणी लागलं तिथवर खडूचा रंग गडद झालेला असतो. ती भिजलेली लांबी वजा केली की काठापासून पाणी किती खोल ते कळतं. मला ही पद्धत आवडते. बॅटरीवर चालणारं, पाण्याला टेकलं की टीं करणारं यंत्र पुढे आलं, पण खडूवरची ती ओली रेघ पाहताना डोंगराने आपल्या हाताने उत्तर लिहून दिल्यासारखं वाटतं.

आजी काठावर बसून हे सगळं बघत होत्या. मी टेप गुंडाळायला लागले तेव्हा म्हणाल्या, "पोरी, एवढं कशाला? मला विचार ना." आणि त्यांनी बादलीचा दोर माझ्यापुढे धरला. त्यावर तीन गाठी होत्या. बादली पाण्याला टेकली की दोराचा जो भाग काठावर येतो, तिथे गाठ. पहिली गाठ पावसाळा सरता सरताची. दुसरी थंडी संपतानाची. तिसरी उन्हाळ्याच्या अगदी शेवटच्या दिवसांतली, पाणी सगळ्यात खाली जातं तेव्हाची. दोर जुना झाला, झिजला, की नवा आणायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी अंथरून जुन्यावरच्या गाठी नव्यावर उतरवायच्या. हे त्यांना सासूने शिकवलं होतं. मी विचारलं, चौथी गाठ? त्या हसल्या. "चौथी मारायची वेळच आली नाही कधी."

मी ते वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतलं. अहवालात ते गेलं नाही. अहवालाच्या तक्त्यात विहिरीचा क्रमांक होता, अक्षांश-रेखांश होते, व्यास, बांधकाम, वापर, पाण्याची पातळी, दिनांक. दोरासाठी रकाना नव्हता.

हे लिहिताना मी कुणाच्या माथी खापर फोडत नाही. तक्ता ज्यांनी केला त्यांना वाईट म्हणावं असं काही त्यांनी केलं नव्हतं, आणि मी तर तो निमूटपणे भरला होता. पण एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पटत गेली आहे. लोहमार्गाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासताना आपण सगळी ताकद 'नंतर'वर लावतो. नंतर किती झाडं जातील, किती आवाज होईल, किती धूळ उडेल, कोणती उपाययोजना करू. 'आधी' काय होतं ते मात्र घाईघाईत, एखाद्या हंगामात, उरलेल्या वेळात लिहिलं जातं. आणि 'आधी' ही अशी गोष्ट आहे की काम सुरू झाल्यावर ती कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही. पहिला सुरुंग उडाला की ती संपली.

कायद्याच्या भाषेत या सगळ्याचं वय फार नाही. प्रकल्पाच्या आधी परिणामांचा अभ्यास सक्तीचा करणारा अमेरिकेचा कायदा १ जानेवारी १९७०ला लागू झाला आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. त्याआधीची दीडशे वर्षं रूळ पडत होते ते केवळ चढ, वळण आणि खर्च यांच्या हिशेबावर. भारतात आजचं चित्र आणखी वेगळं आहे. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेत कोणत्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागेल त्याची यादी आली. त्या यादीत महामार्ग आले, विमानतळ आणि बंदरं आली, रोपवेसुद्धा आले. रेल्वे आली नाही. वनजमीन किंवा अभयारण्य लागलं तर त्यांच्या परवानग्या वेगळ्या घ्याव्या लागतात, पण साध्या शेताखालून, साध्या डोंगरातून, साध्या विहिरीजवळून जाणाऱ्या मार्गाची जनसुनावणी या कायद्याने होत नाही. तरीही जिथे असे अभ्यास होतात, तिथे बऱ्याचदा कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँकेची ती अट असते. रेल्वे ही मुळातच स्वच्छ, मग तिला कशाला तपासायचं, असा या मागचा विचार. तो अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं जड जातं.

कारण मला गाडी आवडते. हे इथेच सांगून टाकते. रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसून बाहेरचा अंधार बघणं यासारखं सुख मला कमी ठिकाणी मिळालं आहे. आणि हिशेबाने बघितलं तरी पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने धावतं. तोच माल, तेवढीच माणसं रस्त्याने न्यायची तर इंधन कितीतरी जास्त लागतं आणि जमीनही. एखादा मार्ग रद्द होतो तेव्हा माल घरी बसत नाही, ट्रकमध्ये चढतो. त्यामुळे "रेल्वे नको" असं मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण स्वच्छता गाडी धावायला लागल्यावरची आहे. ती धावण्याआधी डोंगर फोडलेला असतो, बोगद्याला काँक्रीटचं अस्तर चढवलेलं असतं, गिट्टीसाठी दुसरा एखादा डोंगर खाणीत गेलेला असतो, आणि बोगद्यातून निघालेला दगडमातीचा ढीग कुठल्या तरी घळीत ओतलेला असतो. अहवालात या ढिगाला एक परिच्छेद मिळतो. पहिल्या मोठ्या पावसात तो खालच्या ओढ्यात उतरतो तेव्हा कळतं, परिच्छेद पुरेसा नव्हता.

पण ढीग निदान दिसतो. पाणी दिसत नाही.

डोंगराच्या पोटातलं पाणी तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते खडकाच्या भेगांतून, थरांच्या सांध्यांतून, एका चिरेतून दुसरीत असं सरकत असतं, आणि जिथे त्याला बाहेर यायला फट मिळते तिथे झरा फुटतो, विहिरीला पाझर लागतो. बोगदा खोदला म्हणजे त्या सगळ्या भेगांना एकदम एक नवी, फार सोपी वाट मिळाली. पाणी बोलूनचालून सोप्या वाटेचं. ते बोगद्यात येतं, कडेच्या गटारातून तोंडाशी वाहत जातं आणि पलीकडच्या उताराला लागतं. ज्या विहिरीला ते जायचं ती रेषेपासून दोनशे मीटरवर असेल किंवा दोन किलोमीटरवर, ते भेगांवर ठरतं. नकाशावर आखलेल्या पट्ट्याशी भेगांना काही देणंघेणं नसतं. शिवाय ते लगेचही होत नाही. कधी आठवड्यात होतं, कधी दोन पावसाळे जातात. तोवर कंत्राट संपलेलं, माणसं बदललेली. उरतो तो एकच प्रश्न, त्या तरुणाला विचारला गेलेला. बोगद्यामुळेच गेलं कशावरून?

हा प्रश्न किती जुना आहे हे मला तान्ना बोगद्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं. जपानमध्ये आतामीजवळ डोंगराखालून जाणारा हा ७.८ किलोमीटरचा रेल्वे बोगदा. काम १९१८ला सुरू झालं, सात वर्षांत संपायचं होतं, सोळा वर्षं लागली. आत इतकं पाणी आलं की ते काढून द्यायला निचऱ्याचे बोगदे खोदावे लागले, आणि त्यांची एकूण लांबी मुख्य बोगद्याच्या जवळपास दुप्पट झाली. ६७ माणसं गेली. १९३०च्या भूकंपात तर आतली जमीनच फॉल्टच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेच्या, रेषेवर दोनेक मीटर सरकली. अभियांत्रिकीच्या इतिहासात तान्नाची गोष्ट धैर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच.

पण त्या बोगद्याच्या बरोबर वर एक खोलगट खोरं आहे, तान्नाचंच. तिथे पाण्याची इतकी चंगळ होती की लोक वाहत्या थंड पाण्यात वाढणाऱ्या वासाबीची, म्हणजे एका तिखट जपानी कंदाची, शेती करत, भात पिकवत, पाणचक्क्या चालवत. खाली बोगदा पुढे सरकत गेला तसं वरचं पाणी उतरत गेलं. झरे थांबले. वासाबी गेली, भाताला पाणी पुरेना. आणि मग वाद झाला तो कारणावरून. बोगद्यामुळे, की १९२३च्या मोठ्या भूकंपाने भूजलाच्या वाटा बदलल्या म्हणून, की पाऊस कमी झाला म्हणून? शेवटी भरपाई मिळाली, पण पाणी परत आलं नाही. खोऱ्यातले शेतकरी हळूहळू दुभत्या जनावरांकडे वळले आणि आज ते खोरं दुधासाठी ओळखलं जातं. ही गोष्ट 'बघा, लोकांनी मार्ग काढला' अशीही सांगता येते. मला ते जमत नाही. मला सारखी ती माणसं दिसतात, जी सकाळी उठून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकायची आणि एका सकाळी त्यांना आवाज ऐकू आला नाही.

तो आवाज किती होता, हे कुणी आधी लिहून ठेवलं असेल का?

त्याच शिझुओका प्रांतात नव्वद-शंभर वर्षांनी पुन्हा तोच विषय निघाला. टोकियो ते नागोया अशी चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणारी गाडी नेण्यासाठी उंच पर्वतांखालून बोगदा जायचा होता, आणि त्याच्या वरून ओई नदी वाहते. या वेळी कायदा होता, अभ्यास होता. २०१३च्या आपल्या अहवालात मार्ग बांधणाऱ्या रेल्वे कंपनीनेच लिहिलं की काही उपाय केला नाही तर नदीचा प्रवाह सेकंदाला दोन घनमीटरने घटू शकेल. हा आकडा छापून आला आणि खालच्या अंगाची गावं, शहरं, चहाचे मळे सगळे जागे झाले. पुढे कंपनीने कबूल केलं की बोगद्यात आलेलं पाणी पुन्हा नदीत सोडू, सगळं सोडू. मग 'सगळं' म्हणजे नक्की काय, खोदकाम चालू असताना शेजारच्या प्रांताकडे वाहून जाईल ते धरून की सोडून, यावर वर्षानुवर्षं चर्चा. प्रांताने कामाला होकार दिला नाही, आणि २०२७ला गाडी सुरू करण्याचं उद्दिष्ट कंपनीला २०२४मध्ये सोडावं लागलं. अनेकांना हा निव्वळ अडथळा वाटला. मला मात्र त्यात एक आकडा आणि त्याची ताकद दिसते. सेकंदाला दोन घनमीटर. काम सुरू होण्याआधी लिहिलेला. तो लिहिलेला नसता तर भांडायचं कशाच्या जोरावर?

जिथे पाण्याला कमी लेखलं तिथे काय होतं याची आणखी उदाहरणं आहेत, आणि ती श्रीमंत, काटेकोर देशांतली आहेत. स्वीडनमध्ये हालांडसोस नावाच्या टेकडीतून ८.७ किलोमीटरच्या रेल्वे बोगद्याचं काम १९९२ला सुरू झालं. आत पाणी थांबेना म्हणून भेगा बुजवायला एक रसायन दाबाने भरलं. १९९७मध्ये त्यातलं विषारी अ‍ॅक्रिलामाइड पाण्यात उतरलं, मासे मेले, गाईंचे पाय लुळे पडले, काम थांबलं. गाडी धावली ती थेट डिसेंबर २०१५मध्ये. त्याच काळात नॉर्वेत ऑस्लोजवळच्या रोमेरिक्स या रेल्वे बोगद्यावर जंगलातल्या पुट्यार्न या छोट्या तळ्याचं पाणी खाली गेलं, वस्तीतली घरं खचली. या दोन्ही ठिकाणी हुशार माणसं होती. त्यांच्याकडे यंत्रं होती, नकाशे होते. डोंगर आतून किती ओला आहे, याचा अंदाज मात्र चुकला.

आणि एक ठिकाण असं, जिथे आधी मोजलं. १९७८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रस्त्याच्या एका बोगद्यासाठी चाचणीचं खोदकाम चालू असताना दीडेक किलोमीटरवरचं झ्योझिएचं धरण, १५६ मीटर उंचीची काँक्रीटची कमान, खचून वाकडी व्हायला लागली. खडकातलं पाणी निघून गेलं, आणि ते निघून गेल्यावर खडक दबला. भिजलेला स्पंज पिळल्यावर बसतो, तसा डोंगर बसला. पुढे गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा करायचं ठरलं तेव्हा त्याच्या वाटेवर वर तीन धरणं होती. बोगदा त्यांच्याखाली पोचण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या आजूबाजूच्या डोंगरउतारांची हालचाल सतत मोजायला सुरुवात झाली. उन्हाळ्यात डोंगर किती फुगतो, हिवाळ्यात किती बसतो, हे त्याचं नेहमीचं श्वास घेणं आधी समजून घेतलं, मग बोगद्याचा परिणाम त्यातून वेगळा काढता आला. २०१६मध्ये गाडी सुरू झाली. बोगद्यातून निघालेल्या दगडाचा काही भाग एका सरोवराच्या काठी टाकून वाळू उपशाने उद्ध्वस्त झालेली उथळ किनारपट्टी आणि छोटी बेटं पुन्हा उभी केली, तिथे आता पक्षी उतरतात. हे वाचलं तेव्हा मला हेवा वाटला. बोगद्याच्या लांबीचा मुळीच नाही. त्यांना 'आधी'साठी मिळालेल्या वर्षांचा.

जमिनीवरही हेच आहे, फक्त तिथे डोळ्यांना दिसतं म्हणून आपण लवकर शहाणे होतो असं वाटतं. भराव घ्या. सपाट रानात दहा-पंधरा फूट उंच मातीचा बांध घालून त्यावर रूळ. त्याखालून पाणी जायला मोऱ्या ठेवतात, आणि त्या ओढ्या-नाल्यांच्या हिशेबाने ठेवतात. पण मोठ्या पावसात रानातलं पाणी ओढ्यातूनच जातं असं नाही, ते चादरीसारखं सगळ्या शिवारावर पसरून उतरतं. त्या चादरीला भराव म्हणजे धरण. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खालच्या बाजूची जमीन वर्षानुवर्षं कोरडी पडत जाते. हे एका वर्षात दिसत नाही. कुठून कुठे पाणी सरकायचं हे ज्याच्या पायाला माहीत आहे असा माणूस तिथे शेत कसत असतो, आणि त्याला विचारायचा रकाना पुन्हा नसतो.

उत्तर बंगालमध्ये सिलीगुडी ते अलीपूरद्वार हा जंगलातून जाणारा जुना मीटरगेजचा मार्ग ब्रॉडगेज झाला. वाट जुनीच होती. बदलला तो गाड्यांचा वेग आणि त्यांची संख्या. त्यानंतर हत्ती मरण्याचं प्रमाण वाढलं, आणि सप्टेंबर २०१०मध्ये बनारहाटजवळ एका रात्री एकाच मालगाडीखाली सात हत्ती गेले. आपण परिणाम मोजतो तो बहुतेक हेक्टरमध्ये, किती जमीन गेली त्यात. हत्तीसाठी तो दोन गाड्यांमधल्या रिकाम्या मिनिटांत असतो. कळपातलं पिल्लू रुळावर अडखळलं तर त्याला पलीकडे न्यायला किती मिनिटं लागतात, याचं आधीचं गणित कुणाजवळ होतं?

आणि कधी परिणाम इतका हळू, इतका सुंदर असतो की त्याला परिणाम म्हणावंसं वाटत नाही. सिसिलीतल्या ज्वालामुखीच्या उतारांवरचं एक पिवळ्या फुलांचं रोप ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आणलेलं होतं. तिथून ते शहराच्या भिंतींवर पसरलं. एकोणिसाव्या शतकात तिथे रेल्वे पोचली. रुळांखाली कोळशाची राख आणि खडी, म्हणजे त्या रोपाला घरच्या लाव्हासारखी जमीन मिळाली. त्याच्या बियांना कापसासारखे तंतू. गाडी गेली की वाऱ्याच्या झोताबरोबर बी पुढे. अशा रीतीने रुळांच्या कडेकडेने ते ब्रिटनभर गेलं. कुठल्याही अभ्यासाला हे आधी सुचलं नसतं. मला या गोष्टीचं काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. थोडं भय वाटतं, थोडं कौतुक. रूळ टाकला की आपण माणसं आणि माल यांच्यासाठी वाट करतो असं समजतो, पण वाट एकदा झाली की ती सगळ्यांसाठी होते, बियांसाठी आणि पाण्यासाठीही.

वही तिसऱ्या दिवशी सापडली, माळ्यावरच्या खोक्यात, तळाशी. कडा पिवळ्या पडलेल्या, एका पानावर निळ्या खडूचा बोटाचा ठसा. विहिरीचा क्रमांक, तारीख ऑक्टोबरातली, वेळ दुपारी सव्वातीन. पातळी काठापासून ४.३० मीटर. अहवालाच्या प्रतीत याच आकड्यावरून पुढे सरकत शेवटी वाक्य होतं: भूजलावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही. ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं, पण त्याच्याखाली माझं नाव होतं. एका पावसाळ्यानंतरची एक दुपार. त्यावरून कुणीही म्हणू शकतं की त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, म्हणून पाणी वर होतं. आणि त्याला खोडून काढता येणार नाही. नीट काम झालं असतं तर त्या विहिरीचं पाणी निदान दोन-तीन वर्षं, दर महिन्याला मोजलं गेलं असतं, आणि डोंगराच्या पलीकडची, बोगद्याच्या आवाक्याबाहेरची एक विहीरही सोबत मोजली असती. दोन्ही आटल्या तर पाऊस. एकच आटली तर बोगदा. इतकं सोपं आहे ते, आणि इतकं महाग नाही.

मग माझी नजर समासाकडे गेली. पेन्सिल पुसट झाली होती, तरी वाचता आलं. 'आजी – दोराला ३ गाठी. पावसाळा / थंडी / उन्हाळा. सासूपासून. चौथी नाही.'

मी त्याला फोन केला आणि आधी हेच विचारलं, दोर आहे का? तो क्षणभर गप्प झाला. "आजी दोन वर्षांपूर्वी गेली," तो म्हणाला. "दोर आहे. खुंटीला तसाच आहे, कुणी हात लावला नाही." पुढच्या आठवड्यात मी गेले. बोगद्याचं तोंड गावाच्या वरच्या अंगाला आहे. त्याच्या कडेच्या गटारातून स्वच्छ, थंड पाण्याची धार अखंड वाहत होती. मी ओंजळ धरली. पाणी चांगलं होतं. त्या धारेजवळ आम्ही दोघंही बराच वेळ काही न बोलता उभे राहिलो.

विहिरीत वरूनच तळ दिसत होता, वाळकी पानं आणि एक फुटका डबा. काठाच्या दगडावर दोराने पाडलेले खोबण मात्र तसेच गुळगुळीत. आम्ही दोर अंगणात सरळ ताणून ठेवला. एक टोक त्याने धरलं, दुसऱ्या टोकाला बादली. मी टेप लावली. पहिली गाठ ३.९०. दुसरी ५.६०. माझे ते ऑक्टोबरातले ४.३० या दोन्हींच्या मध्ये, पहिलीच्या जवळ, पावसाळा सरल्यावर जिथे असायला हवे बरोबर तिथे बसले. मी ते दोनदा पडताळलं. माझा एकटा आकडा आता एकटा नव्हता. तिसरी गाठ ७.४५.

आणि पुढे अकरा मीटर वीसवर आणखी एक गाठ होती. नवी, घट्ट, बाकीच्यांसारखी वापराने चपटी न झालेली. "ही त्या दुसऱ्या उन्हाळ्यात मारली तिने," तो म्हणाला. "मारली आणि दोर खुंटीला अडकवला. पुन्हा कधी काढला नाही."

मी नव्या पानावर तक्ता आखला. विहिरीचा क्रमांक, तारीख, चार आकडे, प्रत्येकापुढे हंगाम, आणि त्या दुपारचा माझा पाचवा. दोराचे फोटो काढले, प्रत्येक गाठीशेजारी टेप ठेवून. शेवटी 'मोजणी करणाऱ्याचं नाव' असा रकाना होता. मी त्याला आजीचं पूर्ण नाव विचारलं आणि तिथे लिहिलं. त्याखाली माझं.